वाडीतली तोडणी

सकाळचे सहा. बोईसर स्टेशनबाहेर फेब्रुवारीची थंडी अजून अंगाला लागते आहे. चहाच्या टपरीसमोर दोन घोळके उभे आहेत. मोठ्या घोळक्यात पंचविशीच्या आतबाहेरची पोरं, पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तारापूर एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बसची ती वाट पाहताहेत. लहान घोळका एका जुन्या जीपला टेकून उभा आहे. ही माणसं पूर्वेकडच्या वारली पाड्यांवरून आली आहेत. चार पुरुष, पाच बाया. बायांच्या हातात भाकरीचे डबे, एका पुरुषाच्या खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं. मुकादम बोट दाखवत माणसं मोजतो, रस्त्याकडे बघतो, परत मोजतो. बारा जण ठरले होते. तिघं आलेले नाहीत.

"ते बघ, बसमध्ये चढतोय एक," जीपमधली बाई हात करून दाखवते. मुकादम तिकडे बघतो आणि काही बोलत नाही. पोरगा बसच्या पायरीवर आहे. मुकादमाने आपल्याला पाहिलंय हे त्याला कळलंय, म्हणून तो पटकन आत सरकतो. मला त्याचा राग येत नाही. कारखान्यात पावसाळ्यातही पगार मिळतो आणि तिथे कुणी तीस फुटांवरून खाली पडत नाही.

जीप निघते. एमआयडीसीची हद्द डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा तारापूर सगळ्यांत वर होतं. बाया पदर नाकाला लावतात, पण बोलणं थांबवत नाहीत. कुणाच्या तरी लग्नाचं चाललं आहे. तारापूर गाव मागे पडतं, पालघर तालुका संपतो, चिंचणीपासून डहाणू तालुका लागतो आणि पाच-सात मिनिटांत हवा वेगळी होते. उजव्या हाताला गर्द हिरव्या, गोल माथ्यांच्या झाडांची रांग सुरू होते. चिकू. इथून डहाणू, घोलवड, बोर्डी आणि पुढे गुजरातच्या उंबरगावापर्यंत हा पट्टा जवळपास सलग आहे, आणि पालघर जिल्ह्यातल्या चिकूखालच्या क्षेत्राचा सरकारी आकडा पाच हजार हेक्टरांच्या आसपास सांगितला जातो.

आम्ही ज्या वाडीत शिरतो ती साडेचार एकरांची आहे. मालक सत्तरी ओलांडलेले. बाया त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणतो. ते फाटकाशी उभे आहेत आणि माणसं उतरताना त्यांचेही ओठ आकडे मोजताहेत.

"नऊच?"

"नऊच, काका."

"मग आज फक्त समुद्राकडचं अर्धं होईल." ते वळतात आणि चालू लागतात.

वाडीच्या आत ऊन पोचत नाही. दहा-दहा मीटरवर लावलेली झाडं ऐंशी वर्षांत एवढी पसरलीत की या झाडाची फांदी कुठे संपते आणि पलीकडच्याची कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. खाली पाचोळ्याचा जाड थर, ओलसर, दाबला की पाणी सुटेल असा. काका एका खोडाच्या बुंध्याशी बसून मला सांधा दाखवतात. खाली रायण, वर काळीपत्ती चिकू. रायणीचं रोप कुंडीत वाढवायचं, कुंडी चिकूच्या फांदीपर्यंत उचलून बांधायची, दोघांची साल तासून एकमेकांना जोडायची आणि ती एकजीव झाली की चिकूकडची फांदी कापून घ्यायची. हे भेट कलम. रायण इथल्याच रानातली, तिचं मूळ खोल जातं आणि उन्हाळा सोसतं. चिकू मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला पाहुणा. बागायतीच्या पुस्तकांत भारतातल्या चिकू लागवडीची सुरुवात १८९८ साली घोलवडला झाली असं नोंदलेलं असतं. पुढच्या काही दशकांत इराणी, पारशी, वाडवळ, माच्छी अशा कितीतरी घरांनी या किनाऱ्यावर वाड्या उभ्या केल्या. "आमच्या आजोबांनी ही लावली," काका सांधा चाचपत म्हणतात. "ते गेले तेव्हा झाड खांद्याएवढं होतं."

तोडणी सुरू झाली आहे. दोघं झाडावर चढलेत, दोघं खालून बांबूला लावलेल्या जाळीच्या झेल्याने बाहेरच्या फांद्यांवरचं काढताहेत. चिकूचं झाड आंब्यासारखं एकदम पिकत नाही. एकाच फांदीवर फूल असतं, सुपारीएवढं कच्चं फळ असतं आणि तोडायला झालेलंही असतं. फुलापासून तोडणीपर्यंत आठ-दहा महिने जातात. म्हणून झाड हलवून चालत नाही, फळ न फळ बघून काढावं लागतं. वरचा माणूस एक फळ हातात धरतो. अंगावरची भुरकट पूड अंगठ्याने पुसतो. नखाने किंचित खरवडतो. खाली हिरवं दिसलं आणि चीक वाहिला तर सोडून देतो, पिवळसर दिसलं तर देठ पिरगळून काढतो. हे सगळं एका श्वासाइतक्या वेळात होतं आणि तोवर त्याचा दुसरा हात पुढच्या फळावर गेलेला असतो. तांबड्या मुंग्यांचं घरटं असलेली फांदी आली की तो शिवी हासडतो, गळ्यामागे हात मारतो, पण फांदी सोडत नाही.

तो चाळिशीचा आहे. मी त्याला विचारतो, तुझी मुलं चढतात का.

"मोठा बोईसरला आहे, पॅकिंगला," तो वरूनच म्हणतो. "धाकट्याला मीच नको सांगितलं."

का, ते तो सांगत नाही. ते खालची बाई सांगते, टोपली सरकवत. दोन पावसाळ्यांमागे शेवाळलेल्या फांदीवरून त्याचा भाऊ पडला. कंबर गेली. आता घरीच असतो.

चिकूच्या ऱ्हासाबद्दल बोलताना कीड, धूर, बंदर, पाऊस हे सगळं बोललं जातं. ते खरंच आहे, पुढे येईलच. पण आज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर जे आहे ते वेगळं आहे. फळ झाडावर आहे, चांगलं आहे, आणि ते काढायला माणूस नाही. रस्त्याकडच्या अर्ध्या वाडीत आज कुणी फिरकणार नाही. तिथलं तयार फळ आणखी चार दिवसांनी मऊ होऊन पडेल, वटवाघळं खातील, त्याच्यावर बुरशी येईल आणि ती बुरशी झाडावरच्या फळांकडे जाईल. बागेचं मरण झाड मरायच्या कितीतरी आधी सुरू होतं. अंगोलात हेच घडलेलं आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो देश जगातल्या पहिल्या चार कॉफी उत्पादकांत होता, वर्षाला दोन लाख टनांहून अधिक कॉफी काढत होता. १९७५ साली स्वातंत्र्य आलं, पोर्तुगीज मळेवाले निघून गेले, मध्य पठारावरून कंत्राटावर आणलेले मजूर आपापल्या गावी परतले, आणि मग २००२ पर्यंत यादवी चालली. उत्पादन काही हजार टनांवर आलं. कॉफीची झाडं मात्र रानाच्या सावलीत उभीच होती, फळं धरत होती. त्या मळ्यांवर मजुरांना जबरीने राबवलं गेलेलं होतं, आणि तसलं काही परत यावं असं कुणी म्हणणार नाही. इथल्या तोडणाऱ्यानेही जीव धोक्यात घालून कमी पैशांत चढत राहावं असं मी म्हणू शकत नाही. पण बागायतीच्या सगळ्या योजनांमध्ये कलमाला पैसे आहेत, ठिबकला आहेत, पॅक हाऊसला आहेत. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधायच्या पट्ट्याबद्दल मी अजून एकाही चर्चेत ऐकलेलं नाही.

काका पाचोळ्यातून एक फळ उचलतात. वरून नीट दिसतंय. ते फिरवून दाखवतात, एका बाजूला गोल बारीक भोक, सुईने पाडल्यासारखं. खिशातल्या चाकूने फळ उभं कापतात. गर शाबूत आहे, गोड वास येतोय. बी मात्र आतून पोखरलेली, पोकळ, काळी भुकटी झालेली. "आत होती तोवर कुणाला कळलं नाही. खाऊन झालं आणि भोक पाडून निघून गेली." बी पोखरणारी अळी. तिचा पतंग कोवळ्या फळावर अंडं घालतो, अळी आत शिरते, शिरलेली जागा भरून येते आणि फळ बाहेरून निरोगी दिसत वाढत राहतं. गेल्या पाव शतकात या किनाऱ्यावर तिने ठाण मांडलंय. अळी आत असताना फळ पेटीत गेलं तर ती दिल्लीत बाहेर येते, आणि मग व्यापारी पेटी नाही, पूर्ण गाडीचा भाव पाडतो. फवारणी करायची तर तीस फूट उंचीच्या, एकमेकांत अडकलेल्या फांद्यांत औषध पोचत नाही. पडलेलं एकूण एक फळ वेचून खड्ड्यात पुरणं, प्रकाश सापळे लावणं, फांद्या विरळ करणं हा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला काकांना पाठ आहे. कोसबाडच्या टेकडीवरचं ते केंद्र १९७६ पासूनचं, देशातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी, आणि काका तरुणपणापासून तिथे जाताहेत. "सल्ला बरोबर आहे," ते म्हणतात. "वेचायला बाया रोज हव्यात. मला आठवड्यातून दोनदा मिळतात."

आणि पावसाळ्यातली फळगळ. सलग पाऊस, वर दमट हवा आणि आत ऊन नाही, की फायटोप्थोरा बुरशी पसरते, कच्ची फळं देठापासून सुटून सडा पडतो. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना पडवीत भरून ठेवलेला असतो, पण फवारायला दोन दिवसांची उघडीप लागते. ती मिळत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्याची भरपाई वाडीतला सडा बघून ठरत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस आणि आर्द्रता ठरलेल्या मर्यादेबाहेर ठरलेले दिवस राहिली का, यावर ठरते. काकांच्या वाडीत सडा पडतो तेव्हा केंद्रावर कधी तेवढे दिवस भरतात, कधी एक कमी पडतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मात्र यंत्र बघायची गरज नव्हती. सतरा झाडं मुळासकट आडवी झाली. ती जागा अजून मोकळी आहे आणि तेवढ्याच तुकड्यात आज ऊन पडलंय. तिथे बाया जेवायला बसतात.

नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. एक बाई हात धुते, पण बोटं काळपटच राहतात. चिकाचे डाग. रॉकेलने चोळले तर निघतात, नाहीतर नखांत महिनाभर राहतात. याच चिकावर एके काळी जग रवंथ करत होतं. मेक्सिकोच्या युकातानमध्ये आणि ग्वातेमालाच्या जंगलात मजूर याच जातीच्या झाडांना नागमोडी चिरा पाडून चीक गोळा करत, तो आटवत, आणि त्या आटवलेल्या चिकाचं, चिकलचं, न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्सने १८७०च्या सुमारास च्युइंगगम बनवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात बनलेला स्वस्त डिंक आला आणि चिकल गोळा करणाऱ्या वस्त्यांचा धंदा बसला. मी हे बाईला सांगतो. ती विचारते, "मग त्या माणसांचं काय झालं?" हा प्रश्न मला या वाडीत कुणी विचारलेला सगळ्यांत नेमका प्रश्न वाटतो. मी तिला जे माहीत आहे ते सांगतो, काही शेतीकडे वळले, काही शहरांकडे गेले. ती मान डोलावते. "जसं इथलं."

जेवणानंतर शेड. तोडलेला माल पाण्यात घोळून, गोणपाटाने चोळून अंगावरची पूड काढतात आणि फळ तांबूस चकाकतं. तीन ढीग होतात, मोठा, मध्यम, बारीक. डाग लागलेला, आपटलेला चौथा. बायांचे हात एवढे सराईत आहेत की फळ ढिगात पडल्यावरच मला कळतं की ते का तिथे गेलं. झाडावरून काढल्यापासून पाच-सहा दिवसांत चिकू मऊ होतो. एवढ्या मुदतीत त्याला दिल्ली किंवा राजस्थान गाठून तिथल्या हातगाडीवरून कुणाच्या तरी घरी पोचायचं असतं. हापूस पेटीत पिकतो आणि पेटीत मिरवतो. चिकूला तेवढी सवड नाही. म्हणून भाव ठरवताना मालक कधीच जोरात बोलू शकत नाही. संध्याकाळची गाडी चुकली तर उद्या तोच माल अर्ध्या किमतीचा असतो आणि ते दोघांनाही ठाऊक असतं.

काका व्यापाऱ्याला फोन लावतात. स्पीकरवर. कालच्यापेक्षा दोन रुपये खाली. गुजरातचा माल जास्त आलाय म्हणे. काका वाद घालत नाहीत, फक्त विचारतात, "आमच्या घोलवडच्या शिक्क्याचं काय?" पलीकडून उत्तर येतं की बाजारात शिक्का कुणी बघत नाही, आकार बघतात. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंद महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे, आणि इथल्या कॅल्शियमयुक्त मातीने फळाला वेगळी गोडी येते असं मानलं जातं. जून २०२१ मध्ये मानांकनाचा हा चिकू ब्रिटनला रवाना झाला, त्याची बातमी काकांनी कापून ठेवली आहे. मला हे मानांकन मोलाचं वाटतं. बोर्डीला चिकूची वाइन बनते, चिप्स आणि पावडर बनते, महोत्सव भरतो, हेही मोलाचं वाटतं. पण रोज संध्याकाळी इथून जे शेकडो क्रेट निघतात त्यांच्यावर नाव नसतं. ते गुजरातच्या मालात मिसळतात आणि दिल्लीत फक्त चिकू म्हणून विकले जातात. नाव मिळालंय, ते फळापर्यंत चिकटवायची यंत्रणा उभी राहिलेली नाही.

काका फोन ठेवतात आणि स्वतःहूनच जुनी गोष्ट काढतात. २० जून १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, पूर्ण तालुक्यात उद्योगांना पाचशे एकरांची मर्यादा घातली. त्याआधीच डहाणूच्या खाडीवर पाचशे मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला परवानगी मिळालेली होती. ते १९९५ ला सुरू झालं. धुराने मोहोर करपतो, फळ कमी धरतं ही बागायतदारांची तक्रार तेव्हापासूनची. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला, डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा त्या केंद्राला २००७ साली बसली, ती या प्राधिकरणाने पाठ सोडली नाही म्हणून. काका सुनावण्यांना जायचे. "शेवटच्या बाकावर बसायचो. इंग्रजी कळायचं नाही सगळं. पण धर्माधिकारी साहेब मध्येच मराठीत विचारायचे, मग आम्ही उठून सांगायचो."

त्याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला. जुलै २०२३ मध्ये, धर्माधिकारी गेल्यावर चार वर्षांनी, त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली, खर्च शहात्तर हजार कोटींच्या वर. वाढवण इथून हाकेच्या अंतरावर म्हणावं एवढं जवळ आहे. बंदर समुद्रात भराव टाकून होणार आहे, वाड्यांवर नाही, हे मला माहीत आहे. पण रस्ता आणि रेल्वे जमिनीवरूनच जाणार. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय. पट्ट्यातल्या एकरचा भाव वाडी पन्नास वर्षांत देणार नाही एवढा झालाय, आणि फाटकावर दलालांची कार्डं खोचलेली सापडतात. काकांनी एकही फेकलेलं नाही. ती विळीच्या पाटाखाली ठेवली आहेत.

साडेचारला मुलगा येतो. पहिली पाळी सुटली. रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, अंगावर अजून निळा शर्ट. हात-पाय धुतो, चहा घेतो आणि थेट वाडीत येतो. आता जे बोलणं होतं ते या दोघांमध्ये बरेच दिवस चाललेलं असावं, कारण सुरुवात मधूनच होते.

"बाबा, वरून दहा फूट उतरवल्याशिवाय काही खरं नाही."

"दोन वर्षं फळ धरणार नाही."

"मग तिसऱ्या वर्षी खाली उभं राहून तोडता येईल. बायासुद्धा तोडतील. चढायची गरजच नाही. फवारा पोचेल, ऊन येईल."

"आणि दोन वर्षं?"

"माझा पगार आहे ना."

काका खाली बघतात. मुलाने जे सांगितलं ते कोसबाडचे लोक गेली कित्येक वर्षं सांगताहेत, जुन्या वाड्यांचं पुनरुज्जीवन. दाटी झालेल्या फांद्या कापायच्या, शेंडा उतरवायचा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, दोन वर्षं खत-पाणी देत थांबायचं. शास्त्र साधं आहे. अडचण एवढीच आहे की ते उत्पन्न बंद करून थांबायला सांगतं आणि लहान बागायतदाराकडे तेवढी पुंजी नसते. इथे ती आहे, कारण एमआयडीसीचा पगार घरात येतो. ज्या कारखान्यांनी या वाडीची माणसं नेली त्यांच्याच पैशांवर आता ती वाचू शकते, आणि मला यात काही कमीपणा वाटत नाही.

काका शेडमध्ये जातात, चुन्याचं डबडं आणि काथ्याचा कुंचला घेऊन येतात. "सगळी नाही. वीस करू. रस्त्याकडची."

"वीस का? निम्मी करू."

"वीस," काका म्हणतात, आणि पहिल्या खोडावर पांढरा पट्टा ओढतात. वरून तोडणारा खाली उतरलाय, दोर गुंडाळतोय. तो बघत राहतो, मग पुढे होऊन सांगतो की तिसरं झाड सोडा, त्याला यंदा फूल चांगलंय, त्याच्याऐवजी कोपऱ्यातलं घ्या, ते पोकळ होत आलंय. काका कुंचला थांबवून कोपऱ्यातलं झाड बघायला जातात. तो बरोबर जातो, खोडावर मूठ आपटतो आणि दोघं ऐकतात. मुलगा फोनवर करवतवाल्याशी बोलतोय. सोमवारी सकाळी ये, स्वतःची मशीन आण, शेंडा कापायचाय, खोड नाही, आणि झाडामागे किती घेणार ते आत्ताच सांग.